देणगीतून ग्रामीण रुग्णालयाला नवं यंत्र द्यावं, की आहेत ती चालती करावीत?

गोदाकाठ
नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी आमच्या मंडळाकडे ४ लाख रुपये जमले आहेत. बहुतेकांचं मत असं की एकच मोठं यंत्र द्यावं. व्हेंटिलेटर, सोनोग्राफी आणि डिजिटल एक्स-रे ही नावं पुढे आली आहेत. पण त्याच रुग्णालयात दोन मल्टिपॅरा मॉनिटर (नाडी, बीपी, ऑक्सिजन दाखवणारे), तीन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे), एक बेबी वॉर्मर, एक फोटोथेरपी युनिट (कावीळ झालेल्या बाळासाठी निळा प्रकाश) आणि एक उभा ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारा) बंद पडून आहेत. कुणी म्हणतं यंत्रं जुनी झाली, कुणी म्हणतं दुरुस्तीला निधी नाही.

प्रश्न दोन. या बंद यंत्रांपैकी किती खरोखर मोडीत काढायच्या लायकीची असतात? आणि ४ लाखांचा सर्वात चांगला उपयोग कोणता? जाणकारांनी नेमकं सांगावं.

शून्य_ओहम
तुम्ही दिलेल्या यादीतलं एकही यंत्र तपासल्याशिवाय मोडीत काढू नका. त्यांच्या बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात.

मल्टिपॅरा मॉनिटर: आधी बोटाला लावायचा एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब बघा. त्याची वायर प्लगपासून दोन-तीन इंचांवर आतून तुटते, कारण प्रोब काढताना सगळे वायर धरून ओढतात. चांगला प्रोब लावून आकडा आला तर मॉनिटर ठणठणीत आहे. दुसरं, बीपीचा कफ आणि त्याची नळी. कफ एखाद्या गोल डब्याभोवती गुंडाळा, सर्व्हिस मेन्यूतल्या गळती चाचणीत दाब २५० पर्यंत चढवा आणि एक मिनिट थांबा. दाब ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. बहुतेक वेळा ती कफमध्ये किंवा नळीच्या जोडात सापडते, आतल्या पंपात नाही. तिसरं, बॅटरी. आत १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. लोड दिल्यावर लगेच १०.५ च्या खाली गेली तर ती मेली. मॉनिटर महिनोन्‌महिने कपाटात राहिला की अशी बॅटरी सल्फेट धरून मरते. वापर नसला तरी तीन महिन्यांतून एकदा चार्जला लावायची.

कॉन्सन्ट्रेटर: चालू करून ५ लिटर प्रवाहावर अर्धा तास ठेवा आणि ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने शुद्धता मोजा. ९० टक्क्यांच्या वर हवी. ८२ च्या खाली गेली की बहुतेक यंत्रांचा लाल दिवा लागतो. मधल्या पट्ट्यात असेल तर आधी हवा घेणारे फिल्टर धुवा, बदला. मग चार मार्गी सोलेनॉइड व्हॉल्व्हचा आवाज ऐका, अडखळत असेल तर तो बदलायचा. कॉम्प्रेसरचे कप-सील झिजले असतील तर दाबच तयार होत नाही. हे सगळं नीट असूनही शुद्धता येत नसेल तर आतला झिओलाइट (नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) ओलावा पिऊन बसलाय.

आणि हा शेवटचा दोष तुमच्या भागात जास्त दिसेल. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक इथे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. बंद कॉन्सन्ट्रेटर तिथे ठेवला तर झिओलाइट पाणी ओढून घेतो. म्हणून गरज नसली तरी आठवड्यातून एकदा तो तासभर चालवायचा. कोविडनंतर ठिकठिकाणी पडून राहिलेल्या कॉन्सन्ट्रेटरना हीच गोष्ट नडली. ते वापरून संपले नाहीत, न वापरल्यामुळे संपले.

पांडवलेणी
वाचनखूण साठवली. वायर धरून ओढू नका, हे वॉर्डात मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

सप्तशृंग
बेबी वॉर्मर आणि फोटोथेरपीबद्दल थोडं सविस्तर लिहिते. चुकीच्या आकड्याची किंमत इथे बाळ मोजतं.

वॉर्मरमध्ये सगळ्यात आधी बिघडतो तो त्वचेला चिकटवायचा प्रोब. तपासायची रीत सोपी आहे. ३६ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात प्रोब आणि खात्रीचा डिजिटल थर्मामीटर शेजारी-शेजारी धरा, दोन मिनिटं थांबा. फरक ०.३ अंशापेक्षा जास्त असेल तर तो प्रोब वापरू नका. प्रोब खरं तापमान कमी दाखवत असेल तर हीटर वाढत जातो आणि बाळ भाजून निघतं. बाजारात 'कोणत्याही वॉर्मरला चालतो' म्हणून प्रोब विकतात. प्रत्येक कंपनीचा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) वेगळा असतो, प्लग बसला म्हणजे आकडा बरोबर येईल असं नाही. यंत्राचं मॉडेल सांगूनच मागवा आणि आल्यावर पाण्याची चाचणी कराच. प्रोब पोटाच्या उजव्या वरच्या भागावर, चकाकत्या पट्टीखाली. बाळ त्या अंगावर झोपलं तर आकडा चुकतो.

फोटोथेरपीत फसवणूक डोळ्यांची होते. निळा प्रकाश दिसतो, म्हणून उपचार चालू आहे असं वाटतं. जुन्या ट्यूबवाल्या युनिटमध्ये ट्यूब पेटत राहते, पण उपयोगाचा प्रकाश हजार-दोन हजार तासांत ओसरतो. कावीळ जास्त असलेल्या बाळाला किमान ३० मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर मिळायला हवेत, आणि ते बाळाच्या अंगापाशी फ्लक्स मीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारा) धरूनच कळतं. मीटर नसेल तर निदान तासांची नोंद ठेवा. एलईडीचे दिवे वीस हजार तासांच्या पुढे जातात. त्यामुळे जुन्या युनिटच्या सगळ्या ट्यूब बदलत बसण्यापेक्षा इथे नवं एलईडी युनिट घेणं मला योग्य वाटतं. तुमच्या यादीत नवं घेण्यासारखं हे एकच.

दमणगंगा
व्हेंटिलेटर देऊ नका.

३० खाटांच्या रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ नसतो, रक्तातले वायू तपासायची सोय नसते, पाइपलाइनमधून सतत चार किलोचा दाब मिळत नाही. यंत्र खोक्यातच राहतं आणि खोक्यातही म्हातारं होतं. त्याचा गॅल्व्हॅनिक ऑक्सिजन सेल हवेशी संपर्क आल्यापासून झिजायला लागतो, यंत्र चालो न चालो, वर्ष-दोन वर्षांत संपतो. मग अलार्म वाजतो आणि 'व्हेंटिलेटर बिघडला' अशी नोंद होते. ३० खाटांना खरी गरज आहे चालू कॉन्सन्ट्रेटर, भरलेले सिलिंडर, चालू सक्शन, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि चार्ज असलेला डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारा) यांची. डिफिब्रिलेटर रोज सकाळी ३० किंवा ५० ज्यूलवर चाचणी करून पट्टी काढून फाइलला लावायची. याला एक रुपया लागत नाही, दोन मिनिटं लागतात.

सोनोग्राफीबद्दल धोक्याची सूचना. गर्भलिंग निदान प्रतिबंध कायदा, १९९४ प्रमाणे केंद्राची नोंदणी आणि त्या नोंदणीत यंत्राचा उल्लेख आधी हवा. नोंदणी नसलेल्या ठिकाणी यंत्र विकणं किंवा देणं हाच गुन्हा आहे. चांगल्या हेतूनं दिलेलं यंत्र सील होऊ शकतं.

रामशेज
एक्स-रेलाही तसंच. अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना ई-लोरा प्रणालीतून काढावा लागतो, खोलीचा आराखडा, भिंतींची जाडी, दाराला शिसं, तंत्रज्ञाला टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा) आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी. ४ लाखांत यातलं काहीच पुरं होणार नाही.

पण माझा मुद्दा विजेचा आहे. कुणी यंत्राला हात लावण्याआधी मल्टिमीटर घेऊन भिंतीच्या सॉकेटकडे जावं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग गेलंय किंवा न्यूट्रल सैल आहे. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, वीतभर मातीखाली खडक लागतो. साध्या खड्ड्याचं अर्थिंग पावसाळ्यात बरं असतं आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की निकामी होतं. बेंटोनाइट भरलेला रासायनिक अर्थिंगचा खड्डा घ्या, रुग्णकक्षासाठी वेगळा घ्या आणि दर उन्हाळ्यात रोध मोजून वहीत लिहा.

व्होल्टेज रात्री चढतं, संध्याकाळी पंप सुरू झाले की उतरतं. लस ठेवायच्या आइस-लाइन्ड फ्रिजला स्टॅबिलायझर दिलेला असतो, कारण तिथे २ ते ८ अंश सांभाळायचे असतात आणि दिवसातून दोनदा नोंद होते. त्याच इमारतीतल्या वॉर्मरला आणि मॉनिटरला काहीच नसतं. नवजात कोपरा आणि प्रसूतिगृह मिळून एक ५ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवा. इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच. स्वस्त चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटरची मोटर तापते आणि ईसीजीवर कंप दिसतो.

आणखी एक. वॉर्मर ६०० वॉटच्या घरात, कॉन्सन्ट्रेटर ३५० ते ४००. हे दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली. बाळांच्या खोलीत वायरिंग, सॉकेट आणि ऑक्सिजन यांची काळजी सर्वात आधी.

चणकापूर
आता कागदांकडे वळू या, कारण यंत्र बहुतेक वेळा कागदावर अडतं.

खरेदीचा पैसा आणि देखभालीचा पैसा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येतो. 'यंत्रसामग्री व साधनसामग्री' हे उद्दिष्ट ५२, त्यातून यंत्र येतं. जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, सगळ्यांनाच तिथे भर घालायला आवडतं, कारण फीत कापता येते. प्रोब, बॅटरी, फिल्टर, गास्केट यांना येणारा आवर्ती पैसा मात्र तुटपुंजा, आणि मार्चअखेर आला की आठ दिवसांत खर्च करायचा. त्या आठ दिवसांत मॉडेलप्रमाणे प्रोब मिळत नाही, म्हणून भलतंच काहीतरी घेतलं जातं.

दुसरी अडचण निर्लेखनाची, म्हणजे यंत्र अधिकृतपणे मोडीत काढण्याची. यंत्र खरोखर मेलं तरी जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत ते जिवंत असतं. नव्याची मागणी पाठवली की वरून शेरा येतो, 'नोंदवहीनुसार यंत्र उपलब्ध आहे'. निर्लेखनासाठी तांत्रिक माणसाचा 'दुरुस्ती परवडणारी नाही' असा दाखला, खरेदीची तारीख, मूळ किंमत, आत्तापर्यंतचा दुरुस्ती खर्च आणि समितीची सही लागते. खरेदीची कागदपत्रं हरवलेली असतात, म्हणून प्रस्ताव होतच नाही. वर्षानुवर्षं मेलेली यंत्रं जागा अडवतात आणि नव्यांचा रस्ताही अडवतात. देखभालीला निधी कमी आहे हे खरंच. पण मंजूर होऊ शकणारा पैसाही या एका कागदापायी मागता येत नाही.

तुम्ही दिलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढलीच पाहिजे आणि यंत्रांच्या देखभालीच्या यादीत तिला क्रमांकाचं स्टिकर लागलंच पाहिजे. स्टिकर नाही तर देखभाल करणारी एजन्सी 'आमच्या यादीत नाही' म्हणून परत जाते. देणगीच्या यंत्रांचं हेच होतं.

हतगड
मला या सगळ्या चर्चेवर मूलभूत आक्षेप आहे. प्रोब आणि बॅटरी वर्गणीतून आणायच्या असतील तर शासन कशासाठी? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं लिहिलं होतं. वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे. त्याच्या आधी देशभर मोजणी झाली होती. २९ राज्यांत साडेसात लाखांवर यंत्रं नोंदली गेली आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद सापडली. म्हणजे दुखणं माहीत आहे, औषधही लिहून दिलंय.

त्या कार्यक्रमात यंत्रं किती काळ चालू राहिली पाहिजेत हेही ठरलंय. जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. तुमचं ३० खाटांचं रुग्णालय ९० मध्ये येतं, म्हणजे वर्षात ३६ दिवसांहून जास्त यंत्र बंद राहता कामा नये. वर्षभर बंद असेल तर कुणीतरी देखभालीचा करार पाळत नाहीये. मंडळानं आधी तो जाब विचारावा. देणगी दिली की तो प्रश्नच बुजतो.

सप्तशृंग
हतगड, तत्त्व मान्य. पण जाबाचं उत्तर येईपर्यंत कावीळ झालेलं बाळ नाशिकला पाठवावं लागतं. सुरगाण्याहून जिल्हा रुग्णालय गाठायला घाट ओलांडून तीन तास मोडतात. दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत.

हतगड
एकाच वेळी करायला माझी हरकत नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा करायचा तेही लिहितो. जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'रुग्णालयाची सर्व माहिती द्या' असं लिहू नका, ते फेटाळलं जातं. एवढंच मागा: रुग्णालयातल्या उपकरणांची यादी बसवल्याच्या तारखेसह, मागच्या दोन वर्षांत प्रत्येकाची तक्रार नोंदवल्याची आणि दुरुस्त झाल्याची तारीख, देखभाल कराराची प्रत, विलंबाबद्दल वसूल केलेला दंड. उत्तर ३० दिवसांत. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

तक्रार 'नोंदवल्याची' तारीख हा कळीचा शब्द. तक्रार क्रमांकच घेतला नसेल तर करारानुसार यंत्र कधी बंद पडलंच नाही. फोनवर 'साहेब, बघून जा' म्हटलं ते मोजलं जात नाही.

चणकापूर
हतगड यांच्या शेवटच्या दोन ओळी सोन्याच्या आहेत. बंद यंत्र झाकून ठेवायची सवय आहे, तक्रार क्रमांक घ्यायची नाही.

गिरणाकाठ
ऑटोक्लेव्ह राहिला. तो बंद असेल तर प्रसूती आणि टाके दोन्ही अडतात, त्यामुळे माझ्या मते तो पहिल्या क्रमांकावर हवा.

उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये तीन गोष्टी जातात. झाकणाचं रबरी गास्केट कडक होऊन वाफ सोडतं, बदलणं दहा मिनिटांचं काम. हीटरवर क्षार बसतो, मग तो तापून फुटतो. पश्चिम भागातलं पाणी त्या मानानं सौम्य आहे, पण येवला, नांदगाव, सिन्नरकडे बोअरच्या पाण्यावर चालवला तर क्षाराचा पांढरा थर लवकरच दिसतो. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा, नाहीतर महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यानं क्षार काढा. तिसरं दाबमापक. तो खोटं सांगायला लागला तरी कुणाला कळत नाही.

इथे नाशिकची एक खास गोष्ट आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, १५ पौंड दाबाला १२१ अंश. ते समुद्रसपाटीचं गणित. नाशिक साधारण ६०० मीटर उंच, बाहेरचा दाब कमी, त्यामुळे १२१ अंश गाठायला मापकावर जवळजवळ १६ पौंड दिसावे लागतात. १५ वर थांबलात तर तापमान अंशभर कमी राहतं. त्यात सुरुवातीला आतली हवा पूर्ण काढली नाही तर दाब दिसतो पण तापमान आणखी खाली असतं. झाकणाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफ जोरात सलग येऊ द्यायची, मग बंद करायचा, मग १२१ ला किमान १५ ते २० मिनिटं मोजायची. घट्ट गाठोडी असतील तर ३०. नुसती रंग बदलणारी पट्टी बाहेर लावून भागत नाही, गाठोड्याच्या मधोमध सूचक ठेवा आणि आठवड्यातून एकदा जिवाणू बीजाणूंची चाचणी करा.

दाबमापक तपासायला लांब जायला नको. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची गेज तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. वर्षातून एकदा काढून तिथे द्यायचा, प्रमाणपत्र घ्यायचं.

शून्य_ओहम
गिरणाकाठ, उंचीचा मुद्दा फार महत्त्वाचा, बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित. पुरवणी एवढीच, की सेफ्टी व्हॉल्व्ह अगदी १५ लाच उडत असेल तर कर्मचारी दाब वाढवू शकत नाहीत. त्यावर वजन ठेवून किंवा तार बांधून व्हॉल्व्ह दाबून धरू नका, त्यानं भांडं फुटतं. योग्य क्षमतेचा व्हॉल्व्ह उत्पादकाकडून घ्या.

मखमलाबाद_नाका
थोडं विषयांतर. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीची गळती होऊन त्या दिवशी २२ रुग्ण गेले. तिथली टाकी जुनी नव्हती. मग 'जुनी यंत्रं' हाच प्रश्न आहे का?

शून्य_ओहम
विषयांतर नाही, हाच गाभा आहे. यंत्राच्या वयाइतकंच महत्त्व त्याच्या मागे कोण उभं आहे याला. ऑक्सिजनच्या बाबतीत टाकीचा दाब पडला की आपोआप सुरू होणारी सिलिंडरची राखीव रांग, वॉर्डात ऐकू येणारा दाबाचा अलार्म आणि कुठला व्हॉल्व्ह कुणी बंद करायचा हे ठाऊक असलेला माणूस प्रत्येक पाळीत. या तीन गोष्टी टाकीच्या किमतीत धरलेल्या नसतात.

कोविडनंतर बसवलेल्या पीएसए (हवेतून ऑक्सिजन बनवणाऱ्या) प्रकल्पांचंही तेच. कॉम्प्रेसरचं तेल, फिल्टर आणि ड्रायर वेळेवर झाले नाहीत तर ओली हवा झिओलाइटच्या टाकीत जाते. एकदा तो भिजला की बदलण्याचा खर्च लाखांत. तेल-फिल्टरचा खर्च हजारांत असतो, पण त्याची तरतूद कुणाच्याच वहीत नसते. डिझेल महाग म्हणून प्रकल्प बंद ठेवतात आणि सिलिंडर आणतात, त्यात प्रकल्प खराब होतो.

दमणगंगा
२०२७ च्या सिंहस्थासाठी आता भरपूर यंत्रं येतील. मागणी करणाऱ्यांनी एकच अट लावून धरावी: हमीचा काळ संपल्यावरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर त्याच निविदेत. समजा तो वर्षाला किमतीच्या ५ टक्के आला, तर ४० लाखांच्या यंत्राला वर्षाला २ लाख, पाच वर्षांचे १० लाख. हे १० लाख आजच दिसले पाहिजेत. नंतर मागितले तर कंपनी वाटेल तो दर लावते, कारण सुटे भाग तिच्याकडेच असतात. 'सर्वसमावेशक' हा शब्दही नीट वाचावा. नुसत्या वार्षिक देखभालीत माणूस येतो, भाग येत नाही. सीटीची एक्स-रे ट्यूब, व्हेंटिलेटरचे सेन्सर, बॅटऱ्या 'उपभोग्य' म्हणून वगळलेल्या असतात आणि खरा खर्च तिथेच असतो.

कळवणकर
बैलजोडी दान द्यायची आणि वैरणीचं नाव काढायचं नाही, असं चाललंय हे. मंडळानं वैरण द्यावी.

रामशेज
+१ कळवणकर.

पांडवलेणी
एक शंका. शहरातल्या खासगी रुग्णालयांनी बदललेली जुनी यंत्रं कुणी फुकट देत असेल तर घ्यावीत का?

शून्य_ओहम
तीन गोष्टी तपासल्याशिवाय नको. कंपनी त्या मॉडेलचे सुटे भाग अजून देते का, हे लेखी घ्या. सर्व्हिस मॅन्युअल आणि पासवर्ड सोबत मिळतो का? आणि विद्युत सुरक्षेची चाचणी: प्लगच्या अर्थ पिनेपासून यंत्राच्या धातूच्या अंगापर्यंतचा रोध ०.३ ओहमच्या आत, रुग्णाला जोडणाऱ्या भागातून गळणारा प्रवाह १०० मायक्रोअँपिअरच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनं नोंदवलंय की काही देशांत देणगीत आलेल्या यंत्रांपैकी जेमतेम १० ते ३० टक्केच कामाला लागली. भाग नाहीत, पुस्तिका नाही, वीज जुळत नाही, ही कारणं. आपल्या तालुक्यात चित्र वेगळं असायचं काही कारण नाही.

चणकापूर
फुकटची यंत्रं घेतली की नंतर निर्लेखनाचा त्रास दुप्पट, मूळ किमतीचा कागदच नसतो. दात्याकडून किंमत लिहिलेलं देणगीपत्र आधी घ्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळापुढे ठेवायचा प्रस्ताव लिहिलाय. व्हेंटिलेटर, सोनोग्राफी, एक्स-रे बाद.

पहिलं काम वीज: रासायनिक अर्थिंगचे दोन खड्डे, नवजात कोपरा आणि प्रसूतिगृहात स्वतंत्र सॉकेट, ५ केव्हीए सर्व्हो. मग ऑटोक्लेव्हची दोन गास्केट, एक राखीव हीटर, दाबमापकाची तपासणी. मॉनिटरना प्रत्येकी दोन प्रोब, मोठे आणि लहान मुलांचे कफ, बॅटरी. वॉर्मरला मॉडेलप्रमाणे दोन प्रोब. कॉन्सन्ट्रेटर तपासून जे वाचतील ते वाचवायचे. नवं फक्त एक एलईडी फोटोथेरपी युनिट. त्यासोबत एक फ्लक्स मीटर आणि एक ऑक्सिजन अ‍ॅनालायझर, कारण मोजता आलं नाही तर बाकीचं व्यर्थ. साधारण सव्वा लाख शिल्लक ठेवून तीन वर्षं फिल्टर, प्रोब, बॅटऱ्यांसाठी वापरायचे. वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी मागणीपत्र घेतो. हतगड यांनी सांगितलेला माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाकतो, आणि बंद यंत्रांचे तक्रार क्रमांक घ्यायची विनंती रुग्णालयाला करतो.

सव्वा लाख रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात द्यावेत की मंडळाकडे ठेवावेत?

चणकापूर
मंडळाकडे ठेवा, वेगळ्या खात्यात. समितीच्या खात्यात गेले की इतर खर्चात मिसळतील आणि प्रत्येक वेळी बैठकीची मंजुरी लागेल, प्रोबसाठी दोन महिने जातील. रुग्णालयानं मॉडेल क्रमांकासह लेखी मागावं, मंडळानं वस्तू घेऊन द्यावी, पावतीची प्रत दोन्हीकडे. आणि देखभाल कराराच्या कक्षेत येणारा भाग मंडळानं घेऊ नये. तो एजन्सीनंच द्यायचा आहे, म्हणून आधी कराराची प्रत मिळू द्या.

सप्तशृंग
फ्लक्स मीटर घेताना कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आणि त्यावरची तारीख बघा. युनिटच्या कंपनीचाच मीटर घेतलात तर उत्तम, वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर एकाच दिव्याखाली वेगवेगळे आकडे दाखवतात.

शून्य_ओहम
ऑक्सिजन अ‍ॅनालायझर अल्ट्रासॉनिक घ्या. त्यात झिजणारा सेल नसतो, शुद्धतेसोबत प्रवाहही दिसतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. तो फक्त कॉन्सन्ट्रेटरमधून येणाऱ्या वायूसाठीच खरा आकडा देतो. सिलिंडरचा ऑक्सिजन हवेत मिसळून देता, तिथे त्याचा आकडा धरू नका. हे यंत्रावरच कायमच्या शाईनं लिहून ठेवा, कर्मचारी बदलत राहतात.